नापास वजनं

१३ ऑक्टोबर

बयो,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच टाकलं असतंस, म्हणून पत्ता सुनेकडून लिहून घेतला. तिला सांगितलं, बोटं आखडली आहेत. बोटं ठणठणीत आहेत. सहा वर्षांनी लिहिलेल्या पत्राची सुरुवात थापेने झाली, तेव्हा पुढचंही तू तसंच समजशील. तरी वाच.

फोन तू घेत नाहीस. तुझा नंबर लावला की एक बाई सांगते, हा क्रमांक उपलब्ध नाही. तिचा आवाज आता मला घरच्या माणसासारखा झाला आहे.

चार नोव्हेंबरला तू तुझी एक किडनी धाकट्याला देणार आहेस. हे मला त्याने सांगितलं, डायलिसिसच्या खुर्चीत बसून, हाताला दोन नळ्या लावलेल्या असताना. "ताई देतेय," एवढंच म्हणाला आणि भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता. गेले चौदा महिने आठवड्यातून तीनदा मी त्याच्याबरोबर जाते. चार तास ते यंत्र त्याचं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत घालतं. घरी आणलं की चपलांसकट आडवा होतो. एकोणतिसाव्या वर्षी. माझी साखर वाढलेली म्हणून मी बाद, सुनेचा रक्तगट जुळत नाही. तू जुळलीस. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले, आनंदाने.

तेव्हा आता जे लिहिते त्याचा भलता अर्थ काढू नकोस. घाई करू नकोस, एवढंच म्हणणं आहे. तुझा रक्तदाब जरा वरच्या बाजूला असतो असं धाकटा बोलता बोलता म्हणाला. डॉक्टरांना सांगून सगळ्या तपासण्या पुन्हा एकदा करून घे. मी आयुष्यभर वजनकाटे तपासले, एकदा बरोबर आला म्हणून कुठलाच काटा कधी पास केला नाही.

तपासून घे. का ते विचारू नकोस.

आई


१७ ऑक्टोबर

बयो,

माझंच पत्र मला परत मिळालं. मागच्या कोऱ्या बाजूवर तुझं अक्षर. "सहा वर्षांनी आठवण झाली ती माझ्या रक्तदाबाची. वजन विचारायचं राहून गेलं वाटतं."

बोचलं. पण वाचलंस तरी.

दर रविवारी सकाळी मी तुला काट्यावर उभी करायची, दहाव्या वर्षापासून. आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची. धाकटा बाजूला उभा राहून ओरडायचा, "मलापण, मलापण," आणि मी त्याला म्हणायची, तुझी गरज नाही. तू ते सगळं विसरली असतीस कदाचित. पण पाहुण्यांसमोर मी तुझ्या ताटातला ब्रेड उचलून परत टोपलीत ठेवला, ते कुणी कसं विसरावं? अठ्ठावीस वर्षांची होतीस तू. तू खुर्ची मागे सरकवलीस आणि म्हणालीस, "आई, मी माणूस आहे की माल?" पाहुणे पाण्याचे पेले बघत बसले. मी काय म्हणाले ते मला आठवतं, तुलाही आठवत असेल. ते इथे लिहीत नाही.

मी तुला का मोजत होते, ते तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं.

आता सांगावंच लागेल. तुझ्या तपासण्यांसाठी जन्माच्या वेळचं कार्ड हवं होतं. दोन तारखेला धाकट्याने ते मागितलं, मी कपाटातून काढून दिलं. इस्पितळातल्या समन्वयक बाई, त्या जाड चष्म्याच्या, डायलिसिसच्या खोलीबाहेर कार्ड चाळत उभ्या होत्या. मी सहज विचारलं, चौतीस वर्षांपूर्वीचा कागद कशाला लागतो? त्या म्हणाल्या, "पोटात असताना बाळाला कमी पडलं ना, तर किडनीतल्या गाळण्या कमी तयार होतात. नंतर नव्या येत नाहीत. दोन किडन्या असल्या की निभून जातं. त्यातली एक काढली की उरलेलीवर सगळा भार. ताईंचा रक्तदाब काठावर आहे म्हणून डॉक्टरांना खात्री हवी होती. पण कार्ड छान आहे तुमचं. आईचं वजन वाढतं, बाळ दोन किलो सातशे. काळजी नाही." आणि कार्ड फाइलमध्ये गेलं.

बयो, ते कार्ड तितकंसं बरोबर नाही. तुझ्या वेळी मला उलट्यांचा फार त्रास झाला. खाल्लेलं टिकत नव्हतं. माझं वजन घटलं होतं. कार्डावर वाढलेलं कसं दिसतं, मला ठाऊक नाही. तेव्हा नर्सला एका सकाळी साठ बायका तपासायच्या असत. अंदाजाने लिहीत असेल.

डॉक्टरांना एवढं सांग. आई म्हणते कार्डावर भरवसा ठेवू नका.

आई


२१ ऑक्टोबर

बयो,

काल मी तुझ्या बाइंडिंगच्या दुकानात आले होते. आत शिरायच्या आधी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी होते. काचेतून तू दिसत होतीस, पुठ्ठ्यावर कापड ओढून बसवत होतीस. अंगठ्याने कोपरा दाबायची तुझी लकब तुझ्या बाबांची आहे.

दारातल्या मुलीने विचारलं, "कोण हवंय?"

मी म्हटलं, "ताई. मी तिची आई."

"ताईंना आई आहे?" ती म्हणाली. वाईट हेतूने नाही. खरंच नवल वाटलं तिला.

तू हात पुसत बाहेर आलीस. "बोल. दोन मिनिटं. खळ वाळतेय."

मी म्हटलं, "तब्येत कशी आहे?"

"तुझ्या तावडीतून सुटल्यापासून झकास."

"माझं दुसरं पत्र मिळालं?"

"मिळालं. उलट्या झाल्या होत्या तुला. बरं. सगळ्यांनाच होतात." मग तू आवाज खाली आणलास. "आई, त्याला वाचवायचंय ना तुला? मग मी करतेय ते नुसतं बघ. जन्मात एकदा तरी मला तपासायला येऊ नकोस."

आणि आत गेलीस. मला तिथेच सगळं सांगायला हवं होतं. रस्त्यात, त्या मुलीसमोर. आता लिहिते ते बसून वाच.

नर्सवर मी ढकललं. नर्सने एकही आकडा चुकीचा लिहिला नाही. काट्याने दाखवलं तेच लिहिलं. पण त्या काट्यावर मी एकटी उभी नसायची.

आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात वजनं ओतून, घासून तयार व्हायची आणि तपासणीच्या खोलीत नमुन्याच्या वजनांशी ताडून पाहिली जायची. जे वजन केसभर कमी भरेल ते नापास. अशी नापास वजनं एका लाकडी खोक्यात पडायची, वितळवायला जाईपर्यंत. तपासणीच्या खोलीत तोवर एकही बाई नव्हती. मी घासण्याच्या टेबलावर चार वर्षं काढली होती आणि त्या खोलीतल्या पुरुषांपेक्षा माझा हात हलका आहे, हे मला माहीत होतं. तपासनिसाची परीक्षा जाहीर झाली. त्याच्या आधीची अकरा वर्षांपूर्वी झाली होती. ही जाहीर झाली तेव्हा तू दोन महिन्यांची पोटात होतीस. गरोदर बाईला त्या खोलीत कामाला ठेवत नसत, कारण वीस किलोची वजनं उचलावी लागत. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. परीक्षा सातव्या महिन्यात होती.

उलट्या खऱ्या. पण त्या चौथ्या महिन्यात थांबल्या. त्यानंतर मला भूक लागायची. शेजारच्या टेबलावर कुणी डबा उघडला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, अशी भूक. मी खाल्लं नाही. सकाळी कपभर दूध, दुपारी ब्रेडचा एक काप, रात्री तुझ्या बाबांसमोर ताट घ्यायचं आणि मळमळतंय म्हणून बाजूला सारायचं. ते म्हणायचे, "दोघांचं खायचे दिवस, आणि ही एकीचंही खात नाही." बिचाऱ्यांनी महिनोन् महिने लिंबू चिरून माझ्या उशाशी ठेवलं. ते गेले तरी त्यांना कळलं नाही की त्या लिंबाची गरजच नव्हती.

पोट दिसू नये, एवढंच हवं होतं मला. आणि दिसलं नाही. खोलीतल्या म्हाताऱ्या तपासनिसांना सगळे मिलिग्रॅम म्हणायचे. ते एकदा जाता जाता म्हणाले, "पोरी, दिवसेंदिवस कमी भरायला लागलीस. तुलाही खोक्यात टाकावं लागणार." सगळे हसले. मीही हसले आणि हात एप्रनच्या खिशात घातले.

अडचण आरोग्य केंद्राची होती. तिथे दर महिन्याला वजन व्हायचं आणि घटलं तर नर्स विश्रांतीचा कागद लिहून थेट कामाच्या ठिकाणी पाठवायची. तो कागद आला की संपलं. म्हणून मी खोक्यातली नापास वजनं घरी आणायला लागले. कप्प्याकप्प्यांचा कापडी पट्टा शिवला आणि कपड्यांच्या आत बांधला. वरून कोट. पाचव्या महिन्यात साडेपाच किलो, सातव्यात नऊ, शेवटी तेरा. कुठलं वजन किती ग्रॅमने कमी आहे हे मला पाठ होतं, तेही धरायची. गरोदर बाई महिन्याला किती वाढते ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं, मी तेवढीच वाढले. वजन रांगेत उभं राहून, कपड्यांवरच व्हायचं. मग संडासात जाऊन पट्टा सोडायचा, पिशवीत कोंबायचा आणि तपासायच्या खाटेवर जाऊन पडायचं. एकदा एक वजन सुटून फरशीवर वाजलं. "काय पडलं गं?" "डब्याचं झाकण." नर्स माझं कार्ड रांगेतल्या बायकांना दाखवायची. "हिच्याकडून शिका, नाहीतर तुम्ही." पोटावर हात ठेवून ती एकदा म्हणाली, "लहान लागतंय मला." मग कार्ड पाहिलं आणि म्हणाली, "पण असू दे, वजन चांगलं आहे."

तुझ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी बावन्न किलो होते. शेवटच्या आठवड्यात सत्तेचाळीस. तुला धरून.

परीक्षा मी पहिल्या क्रमांकाने पास झाले. नेमणुकीचं पत्र नवव्या महिन्यात आलं, ते हातात पडल्यावरच मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, कळलंच नाही!" मला त्याचा अभिमान वाटला, बयो. 'माझी आई' या निबंधात तू लिहिलं होतंस की मी पोटात असताना आईने परीक्षा दिली आणि ती त्या खोलीतली पहिली बाई झाली. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मी तो वाचला आणि तुला म्हटलं, अक्षर सुधार.

तू जन्मलीस तेव्हा सुईणबाईंनी तुला काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे. त्यांनी कार्ड पाहिलं, तुला पाहिलं, परत कार्ड पाहिलं. "छे. आई अशी वाढलेली आणि पोर एवढीशी? काटाच गंडलाय. अगं, तू काट्यातलीच ना? सांग बघू, कितीने फसवतोय हा?"

मी म्हटलं, आठशे ग्रॅमने.

त्यांनी दोन किलो सातशे लिहिलं. तुला ऊब देणाऱ्या पेटीत ठेवायला हवं होतं, त्यांनी दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिलं. तू रडतही नव्हतीस, नुसतं तोंड उघडायचीस. तीन महिन्यांनी मी कामावर गेले, तर तो काटा दुरुस्तीसाठी माझ्याच टेबलावर आला. नमुन्याची वजनं ठेवून पाहिली. ग्रॅमभर चूक नव्हती. 'दोष दूर केला' असं लिहून मी सही केली. तपासनीस म्हणून ती माझी पहिली सही.

पुढची दोन वर्षं मी तुला चारत सुटले. शेजारणी म्हणायच्या, काय गुटगुटीत पोर! मी मनात म्हणायची, भरून निघालं. तसं ते निघत नाही. समन्वयक बाई म्हणाल्या, आत उपाशी राहिलेलं बाळ बाहेर घाईघाईने फुगवलं तर उलटाच भार होतो. मग तू दहा वर्षांची झालीस, अंगाने भरलीस, आता जास्तच चारलं असं वाटून मी घाबरले आणि तुझं ताट मोजायला लागले. आधी पोटात, मग ताटात. तुला पोटभर असं मी कधी दिलंच नाही.

डॉक्टरांना हे सगळं सांग. चार तारखेच्या आधी सांग. बयो, तुझ्या पाया पडते.

आई


२५ ऑक्टोबर

बयो,

तुझ्या दुकानातली ती मुलगी चिठ्ठी देऊन गेली. माझ्याकडे अशी बघत होती की तिने वाचली असावी. "वाचलं. मी देणारच आहे. डॉक्टरांना काही सांगू नकोस. त्याला तर मुळीच नाही. पुन्हा लिहू नकोस."

लिहिते आहे.

तुझी चिठ्ठी वाचून मला काय वाटलं ते आधी सांगते, कारण आता लपवायला जागा उरली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, मी माझं सांगितलं, तिने तिचं ठरवलं. ती जाणती आहे. आता चार तारखेला धाकटा बरा होईल आणि मला कुणी काही म्हणू शकणार नाही. मी उठून चहासुद्धा केला. कप तोंडाला लावला आणि उमगलं की मी परत तोच पट्टा बांधायला निघाले आहे.

तू का देणार म्हणतेस? त्याच्यावर जीव आहे म्हणून, ते मला माहीत आहे. लहानपणी त्याला ताप आला की तू त्याच्या खाटेखाली झोपायचीस. पण तेवढंच आहे का? की आता हे कळल्यावर माघार घेतली तर आईचंच ऐकल्यासारखं होईल, म्हणून? तुझा हट्ट मला ठाऊक आहे, तो माझ्याकडूनच तुझ्यात आला आहे. माझ्यावरच्या रागापायी स्वतःला कापून घेऊ नकोस. राग ठेव. दोन्ही किडन्या ठेव आणि राग ठेव.

उद्या आणि परवा मी वाट बघेन. तू स्वतः डॉक्टरांकडे गेलीस तर उत्तम. नाहीतर मी जाईन.

आई


२९ ऑक्टोबर

बयो,

तू गेली नाहीस. मी गेले.

डॉक्टरांच्या खोलीत बसायला दोनच खुर्च्या आहेत, एका खुर्चीवर फाइली होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग फाइलमधून ते कार्ड काढलं, टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवलं.

"यातलं काय खरं आहे?"

"जन्मतारीख," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाल्या, "असं बघा, पोटात कमी मिळालेली सगळीच मुलं पुढे आजारी पडतात असं नाही. पुष्कळ ठणठणीत राहतात. पण तुमच्या मुलीचा रक्तदाब काठावर आहे आणि तिच्या किडन्या सोनोग्राफीत जरा लहान दिसल्या होत्या. कार्ड बघून मी ते सोडून दिलं होतं." त्यांनी पेन बंद केलं. "शस्त्रक्रिया पुढे ढकलते. नव्याने सगळं तपासायचं." आणि मी दाराशी गेल्यावर, "मावशी, मुलगा तुमच्याजवळ राहतो ना? त्याला काय सांगणार?"

त्याला मी त्याच दुपारी सांगितलं. यंत्र सुरू होऊन अर्धा तास झाला होता, तो उठून जाऊ शकत नव्हता. मी तीच वेळ निवडली. मला तशाच वेळा निवडता येतात.

पलीकडच्या खुर्चीतले आजोबा उगाच वर्तमानपत्र उलटत होते. मग त्याने विचारलं, "ताईला केव्हा सांगितलंस?"

"एकवीस तारखेला. धड असं."

"कार्ड केव्हा दिलंस?"

"दोन तारखेला."

"आणि त्या बाईंनी गाळण्यांचं कधी सांगितलं?"

"दोनलाच. तू आत होतास."

त्याने मोकळ्या हाताची बोटं मोजली. खरंच मोजली, एकेक करून, लहान होता तेव्हा मोजायचा तशी. "एकोणीस दिवस," म्हणाला. "कशासाठी थांबलीस गं?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी."

"ताई मला देत होती," तो म्हणाला. "आणि तू ताईला मला देऊन टाकत होतीस. न विचारता. दुसऱ्यांदा."

नर्स आली, त्याचा रक्तदाब वाढला म्हणून मला बाहेर बसायला सांगितलं. साडेतीन तास मी बाहेरच्या बाकावर होते. परत जाताना तो सुनेशेजारी बसला. घरी आल्यावर चपला काढून नीट कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाला, "शनिवारपासून तू येऊ नकोस."

त्या एकोणीस दिवसांत मी काय करत होते ते तुलाही कळायला हवं. मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज त्याच्या हातावरची ती फुगलेली शीर बघायची. पहिलं पत्र लिहिलं ते अकराव्या दिवशी, आणि तेही असं की तू ऐकलं नाहीस तर बरं. तुला तपासून घे म्हटलं आणि कारण लपवलं. दुसऱ्यात अर्धं सांगितलं. मला दोन्ही पोरं हवी होती आणि तुझ्यातलं थोडं काढून त्याला देता येतंय असं दिसत होतं. तुझ्यातलं थोडं काढणं मला नवं नव्हतं.

तपासणीला जा. तुझं माझं जे आहे ते राहू दे, त्या डॉक्टर बाई चांगल्या आहेत.

आई


१२ नोव्हेंबर

बयो,

सुनेने सांगितलं. तू चोवीस तास दंडाला तो पट्टा बांधून होतीस, झोपेतही रक्तदाब उतरत नाही असं निघालं, आणि लघवीतून प्रथिनं जात आहेत. देता येणार नाही. तुझ्या स्वतःच्याच किडन्या आता जपायच्या आहेत. गोळी सुरू केली आहे, मीठ बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. वेळेवर कळलं असं डॉक्टर म्हणाल्या म्हणे. सून हे सांगताना रडत होती. कुणासाठी ते तिलाही कळत नसावं. धाकट्याचं नाव प्रतीक्षायादीत गेलं आहे. किती वाट बघावी लागेल, कुणी सांगत नाही.

त्याला मी भरपूर खायला घातलं होतं, पोटात असताना. तोवर माझी नोकरी पक्की झाली होती, बसायला खुर्ची होती, दिवसातून पाच वेळा खायची. साडेतीन किलोचा झाला. आणि कुठलासा आजार आला आणि त्याच्याच दोन्ही गेल्या. डॉक्टर म्हणतात त्याचा नि तुझा काही संबंध नाही. मीही शोधून पाहिला, मला सापडला नाही. एखाद्या चुकीची शिक्षा म्हणावी तर तिलाही काही ताळतंत्र हवं.

तू मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्याच्याबरोबर बसतेस हेही कळलं. पुठ्ठे घेऊन येतेस आणि तो एका हाताने दोरा धरतो, तू शिवतेस. परवा दोघं इतकी हसत होता की नर्स रागावली. सून म्हणाली, "कशावरून हसत होता, विचारलं, तर सांगेनात." मी ओळखलं. माझ्यावरून असेल. माझी नक्कल तुला फार छान यायची.

डॉक्टरांनी माझ्याकडून सगळं लेखी मागितलं होतं, महिन्यांप्रमाणे. मी लिहून दिलं. तुझ्या फाइलमध्ये लागलं आहे. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस, तुला मूल व्हायचं ठरलं, तर तो कागद दाखव. तू माझ्याविषयी कुणाला काय सांगावंस त्यात मी पडणार नाही, पण तो कागद लपवू नकोस, माझी लाज राखायला तर अजिबात नको. आणि दिवस राहिले तर पहिल्या महिन्यापासून त्यांच्या देखरेखीखाली राहा. भूक लागेल तेव्हा खा. हे सांगायचा मला काय अधिकार, हे तू म्हणशीलच.

माफी मागायला मी तीन वेळा कागद घेतला. प्रत्येक वेळी असं दिसलं की मी परत काहीतरी मागतेच आहे. म्हणून ती मागत नाही.

घरात दुपारी कुणी नसतं. धाकटा माझ्याशी पाणी दे, दार लाव, एवढं बोलतो. ते दोघं इस्पितळात गेले की मी खिडकीपाशी बसते आणि तुम्ही तिघं चार तास तिथे काय बोलत असाल याचा अंदाज करते.

उत्तराची वाट बघत नाही, असं शेवटी लिहिणार होते. लिहिलंही होतं, ते खोडलं. ते खरं नाही. मी बघते आहे.

आई